हिवताप आणि झाडाचे पान : अर्कापासून औषधापर्यंत



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही हिवतापावरील वनस्पतींचा विषय घेतला आहे. त्याला कारणे दोन. पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतून तापाचे रुग्ण वाढू लागतात आणि त्याबरोबर सल्लेही वाढतात. कोणी सांगतो पारिजातकाची पाने वाटून घ्या, कोणी गुळवेलीचा काढा सुचवितो, कोणी कडुनिंबाचा रस. सल्ला देणारी माणसे आपलीच असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. दुसरे कारण विद्यार्थ्यांविषयीचे आहे. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील पुष्कळ मुले आता वनस्पतींच्या अर्कांवर प्रकल्प करतात, आणि प्रकल्पाच्या शेवटी "या पानांच्या अर्कात हिवतापविरोधी गुण आढळला" असे एक वाक्य लिहून मोकळी होतात. घरातील आजीचा सल्ला आणि मुलाच्या वहीतील ते वाक्य, या दोहोंत प्रश्न एकच आहे. पानात गुण आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते नेमके कशावरून म्हणतो? आणि गुण असलेले पान औषध होते ते केव्हा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत सर्वांत मोठा भाग आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुलांचा होता. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या जंगल भागात हा रोग वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. मुंबईसारख्या शहरातही २०१० च्या पावसाळ्यात त्याची मोठी साथ आली होती. तेव्हा पान चुकले तर काय होते, हे सांगावयास दूर जावे लागत नाही.

प्रथम रोगाविषयी थोडे बोलू, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. अ‍ॅनोफेलिस जातीची मादी डास चावते तेव्हा हिवतापाचे जंतू शरीरात शिरतात, आधी यकृतात वाढतात आणि मग रक्तातील तांबड्या पेशींत घर करतात. आपल्याकडे मुख्यतः दोन जातींचे जंतू आढळतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. दोन्हींच्या बाबतीत सुमारे ४८ तासांत जंतू तांबड्या पेशीत वाढतो, त्याचे अनेक तुकडे होतात, पेशी फुटते आणि ते तुकडे नव्या पेशींत शिरतात. पेशी एकाच वेळी फुटू लागल्या की थंडी वाजते, ताप चढतो, घाम येतो आणि ताप उतरतो. म्हणून जुनी माणसे 'दिवसाआडचा ताप' म्हणत, आणि ते निरीक्षण अगदी बरोबर होते.

आता आपण विचार करा. सोमवारी माणसाला हुडहुडी भरली, रात्री त्याला पानांचा रस दिला आणि मंगळवारी ताप नाही. रस लागू पडला असे सारे घर म्हणणार. परंतु रस दिला नसता तरी मंगळवारी ताप नसताच! बुधवारी पुन्हा ताप आला की म्हणावयाचे, मात्रा कमी पडली. हिवतापाइतका फसवा परीक्षक दुसरा नाही. एखादे पान शेकडो वर्षे वापरात आहे, याचा अर्थ ते तपासण्यासारखे आहे एवढाच होतो. ते लागू पडते असा होत नाही. आणि ते निरुपयोगी आहे असेही आम्ही म्हणत नाही, कारण हिवतापावरची दोन सर्वांत मोठी औषधे झाडांपासूनच मिळालेली आहेत.

त्यांपैकी पहिले आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. कोयनेल. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाच्या सालीतून पॅरिसच्या पेल्तिए आणि कावांतू या दोघांनी १८२० साली क्विनीन वेगळे काढले. पुढे निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाच्या लागवडी झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरोक्विन हे प्रयोगशाळेत बनविलेले औषध आले आणि कोयनेल मागे पडले. परंतु जंतूही स्वस्थ बसले नाहीत. क्लोरोक्विनला दाद न देणारे फाल्सिपेरम जंतू १९५० च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेत दिसू लागले. भारतात १९७३ मध्ये आसामात त्यांची प्रथम नोंद झाली. नव्या औषधाची निकड निर्माण झाली ती अशी.

दुसरे औषध पानाचे आहे, आणि त्याची कथा आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. जंगलात लढणारे सैनिक गोळीने पडत होते तसेच हिवतापानेही पडत होते. चीनने २३ मे १९६७ रोजी या रोगावर औषध शोधण्याचा एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याला 'प्रकल्प ५२३' हे नाव पडले. बीजिंग येथील पारंपरिक वैद्यकाच्या संस्थेतील तू यूयू या संशोधिकेकडे १९६९ साली एका गटाचे काम सोपविण्यात आले. त्यांनी जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना विचारले आणि २००० च्या वर नुसखे गोळा केले. त्यांतून सुमारे २०० वनस्पती निवडून त्यांचे ३८० हून अधिक अर्क बनविले आणि हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. बहुतेक सारे निकामी ठरले. 'चिंगहाव' नावाच्या वनस्पतीच्या एका अर्काने मात्र ६८ टक्के जंतू दबले. आनंद झाला, पण प्रयोग पुन्हा केला तर आकडा १२ ते ४० टक्क्यांवर आला. कधी असा, कधी तसा. आपल्यापैकी बहुतेकांनी एक तर पहिलाच आकडा छापून टाकला असता, नाही तर दुसऱ्या आकड्यानंतर वनस्पती सोडून दिली असती.

तू यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती वापरण्याची रीत दिलेली होती. तीत काढा उकळावयाचा नव्हता. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावयाचा होता. इतर काढे उकळतात, मग हाच का नाही? उकळण्याने गुण जात असावा असा तर्क त्यांनी केला आणि पाण्याऐवजी ईथर हा सुमारे ३५ अंशांवरच उकळणारा द्राव वापरून अर्क काढला. त्या अर्कातील आम्ल भाग विषारी होता, तो दूर केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी तपासलेला १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतील जंतूंवर शंभर टक्के लागू पडला. पुढे माकडांतही तसेच झाले. माणसांना देण्यापूर्वी १९७२ मध्ये तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क प्रथम स्वतः घेतला आणि मग हायनान बेटावर २१ रुग्णांना दिला. रुग्णांचा ताप उतरला आणि रक्तातील जंतू नाहीसे झाले. त्याच वर्षी त्यातील मूळ द्रव्याचे स्फटिक हाती आले. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतून लोक 'जुन्या ग्रंथांत सारे काही आहे' एवढाच अर्थ काढतात. आमच्या मते हा अर्थ अर्धवट आहे. ग्रंथाने दिशा दाखविली हे खरे, परंतु दोनशे वनस्पतींपैकी कोणती खरी हे उंदरांच्या पिंजऱ्यात ठरले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चिंगहाव या नावाखाली चीनमध्ये एकाहून अधिक वनस्पती विकल्या जात. औषधी द्रव्य भरपूर असलेली जात निघाली ती आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, आणि तिचेही द्रव्य मुख्यतः पानांत, तेही फुलावर येण्याच्या सुमारास अधिक. म्हणजे जात चुकली, ऋतू चुकला किंवा झाडाचा भाग चुकला तरी निकाल शून्य.

येथून आपण आपल्या प्रयोगशाळांकडे येऊ. विद्यार्थी मित्रहो, पहिली पायरी नावाची आहे आणि तेथेच बरेचसे काम बिघडते. आपल्याकडे किराईत म्हटले की काडेकिराईत आणि ओलेकिराईत अशा दोन अगदी वेगळ्या वनस्पती पुढे येतात. एक हिमालयातली, दुसरी आपल्या बागेत उगवणारी. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावर वापरतात आणि बाजारात एकीच्या जागी दुसरी सर्रास दिली जाते. म्हणून अर्क काढण्यापूर्वी फुला-फळांसह एक फांदी कागदावर दाबून वाळवावी. कोठून, कोणत्या तारखेला, कोणत्या भागाची पाने घेतली ते लिहावे आणि जाणकाराकडून नाव निश्चित करून घ्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात अशा नमुन्यांचे मोठे साठे आहेत. हा दाबून ठेवलेला नमुना नसेल तर पुढच्या साऱ्या आकड्यांना किंमत नाही, कारण ते आकडे कोणाचे हेच कोणाला सांगता येणार नाही.

पाने सावलीत वाळवून, भरड करून पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा दुसऱ्या द्रावात भिजवतात, गाळतात आणि द्राव उडवून टाकतात. तळाशी राहतो तो काळपट चिकट गोळा म्हणजे कच्चा अर्क. त्यात शेकडो द्रव्ये असतात. कोणत्या द्रावाने काढला यावर त्यात काय उतरले हे ठरते, जसे ईथरच्या उदाहरणात आपण पाहिले.

मग जंतूंवरील परीक्षा. फाल्सिपेरम जंतू शरीराबाहेर सतत वाढविण्याची रीत न्यूयॉर्कच्या ट्रॅगर आणि जेन्सन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील एक युक्ती आम्हाला फार आवडते. या जंतूला हवेतील नेहमीइतका प्राणवायू सोसत नाही. तेव्हा त्यांनी बशा एका काचेच्या मोठ्या बरणीत ठेवल्या, आत मेणबत्ती पेटविली आणि ती विझू लागताच झाकण बंद केले. प्राणवायू कमी झाला, कर्बवायू वाढला आणि जंतू मजेत वाढले. महागड्या यंत्रावाचून हिवतापाचे संशोधन जगभर गरीब देशांतही पोहोचले, त्यात या मेणबत्तीचा वाटा आहे. अशा बशांत माणसाच्या तांबड्या पेशी आणि जंतू ठेवून त्यांत अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा घालतात आणि दोन-तीन दिवसांनी काचपट्टीवर गिम्सा रंग देऊन किंवा अन्य रीतीने जंतू मोजतात. ज्या मात्रेत जंतूंची वाढ निम्म्यावर येते तो आकडा नोंदवितात. कच्च्या अर्काचा हा आकडा एका मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर अर्क आशादायक मानतात. ५० च्या वर गेला तर सहसा सोडून देतात. शुद्ध आर्टेमिसिनिनचा हिशेब नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मायक्रोग्रॅमच्या हजाराव्या भागात होतो, हेही ध्यानात ठेवावे.

बशीतले यश किती फसवे असते त्याची दोन उदाहरणे देतो. रिठ्याचा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. तो फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये अनेक पानांतही असतात आणि ती तांबड्या पेशी फोडतात. पेशी फुटली की आतला जंतू मरतोच, आणि आकडा झकास येतो. पण हे म्हणजे घरात शिरलेला चोर पकडण्याऐवजी घरच पाडण्यासारखे झाले! म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवरही तपासावा लागतो. जंतूला मारणारी मात्रा आणि आपल्या पेशींना इजा करणारी मात्रा यांत मोठे अंतर असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

दुसरे उदाहरण तोंडी हिशेबाचे आहे. समजा एका अर्काचा आकडा ५० मायक्रोग्रॅम आला. माणसाच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते. तेवढ्या पाण्यात ही मात्रा पोहोचवावयाची तर २ ग्रॅम अर्क पचनाच्या वाटेने नष्ट न होता संपूर्ण अंगात भिनला पाहिजे. वाळलेल्या पानांच्या दहाव्या हिश्शाइतका अर्क निघतो असे धरले तर २० ग्रॅम वाळलेली, म्हणजे साधारण ८० ग्रॅम ओली पाने झाली. आणि एवढे करून काय साधले? निम्मे जंतू मेले. दर दोन दिवसांनी जे जंतू दहापट होऊ शकतात त्यांतले निम्मे मारले तरी ते पाचपट होतच राहतात. सर्व जंतू संपविण्यासाठी दहापट मात्रा लागेल असे म्हटले तर पाऊण किलोच्या वर पाने एका वेळी खावी लागतील. आमचा हा हिशेब ढोबळ आहे, पण बशीतला गुण आणि पोटात घ्यावयाचे औषध यांत केवढी दरी आहे ते त्यावरून कळते.

म्हणून उंदीर. १९४८ साली काँगोमधील रानउंदरांत हिवतापाची एक जात सापडली. तिला प्लाझमोडियम बर्घेई म्हणतात आणि ती माणसाला होत नाही. वॉलेस पीटर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार दिवसांच्या परीक्षेत सर्व उंदरांना हे जंतू टोचतात. काही उंदरांना चार दिवस अर्क देतात, काहींना क्लोरोक्विन आणि काहींना नुसते पाणी किंवा द्राव. पाचव्या दिवशी शेपटीच्या टोकातून रक्त घेऊन जंतू मोजतात. प्राण्यांवरील अशा प्रयोगांना संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागते आणि ती लागावीच. 'अर्काने ६० टक्के दमन झाले' अशी वाक्ये आपण वाचतो ती या परीक्षेतली. ती वाचताना पुढचे पान उलटून पाहावे. ते उंदीर पुढे जगले का? पुष्कळदा ते पाणी प्यायलेल्या उंदरांपेक्षा दोन-चार दिवस अधिक जगतात एवढेच. येथे दमन म्हणजे रोग बरा होणे नव्हे.

कडुनिंबाचे काय, असे आपल्या मनात आले असेल. त्याच्या पानांत निंबोलाइड आहे, झाडात गेड्युनिन आहे, आणि बशीत दोन्ही फाल्सिपेरमला मारतात. पण शुद्ध गेड्युनिन उंदरांना तोंडावाटे दिले तेव्हा अपेक्षेप्रमाणे काम झाले नाही. शरीरात ते टिकत नाही. कडुनिंबाचे अनेक उपयोग आहेत. हिवतापाचे औषध म्हणून मात्र तो अजून दारातच उभा आहे.

आतापर्यंत बशीतून उंदराकडे आणि उंदरातून माणसाकडे जाणारी वाट सांगितली. ती लांब आणि खर्चाची आहे. पश्चिम आफ्रिकेतील माली देशात काही संशोधकांनी उलटी वाट धरली. ती आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. त्यांनी आधी खेड्यांत जाऊन घरोघरी विचारले की, हिवतापाला तुम्ही काय घेतले आणि पुढे काय झाले? ज्या वनस्पतीनंतर रुग्ण बरे झाल्याचे अधिक दिसले ती निवडली. ती निघाली पिवळा धोत्रा, आपल्या पडीक रानात आणि रेल्वेच्या कडेला वाढणारे तेच काटेरी पिवळ्या फुलांचे झुडूप. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा ठरविली आणि शेवटी एका गटाला तिच्या पाल्याचा काढा आणि दुसऱ्या गटाला आर्टेमिसिनिनवर आधारलेले संयुक्त औषध अशी तुलना केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ३०१ रुग्ण होते. काढा घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के आणि औषध घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के रुग्णांना २८ दिवसांत दुसऱ्या औषधाची गरज पडली नाही.

हे ऐकून कोणी उद्या पिवळ्या धोत्र्याचा काढा करील, म्हणून तीन गोष्टी येथेच सांगतो. पहिली, त्या झाडाच्या बिया विषारी आहेत. मोहरीच्या तेलात त्यांच्या तेलाची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत अंगावर सूज येऊन माणसे दगावली होती. मालीतील लोक कोणता भाग, किती आणि कसा वापरतात हे ठरलेले होते. दुसरी, तेथे लहानपणापासून वारंवार हिवताप होऊन लोकांच्या अंगी काही प्रतिकारशक्ती आलेली असते. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसात ती नसते. तिसरी, काढ्याने रोग आवरला तरी रक्तातील जंतू पूर्ण नाहीसे होतीलच असे नव्हते. मालीच्या संशोधकांपासून घ्यावयाची ती पद्धत. त्यांचा काढा घेऊ नये.

आपल्या देशातही अशी तुलना झालेली आहे. सरकारी आयुर्वेद संशोधन परिषदेने तयार केलेले 'आयुष-६४' हे औषध पानांचे नव्हे, पण वनस्पतींचेच. सातविणीची साल, कुटकी, काडेकिराईत आणि सागरगोटा हे त्याचे घटक आपल्याला घरचेच वाटतील. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील संशोधकांनी व्हायवॅक्सच्या रुग्णांत त्याची क्लोरोक्विनशी तुलना केली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २८ दिवसांअखेर आयुष-६४ घेणाऱ्यांपैकी सुमारे ४९ टक्के बरे राहिले, तर क्लोरोक्विन घेणारे सर्वच्या सर्व. शेजारी दुसरा गट नसता तर 'निम्मे रुग्ण बरे झाले' अशी जाहिरात करता आली असती.

आता आपल्या अंगणातील पारिजातक. मुंबईत वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयाशी संबंधित वैद्य आणि डॉक्टरांनी त्यावर चिकाटीने काम केले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात १२० रुग्णांची नोंद आहे. रुग्णालयाच्या देखरेखीखाली त्यांना ताज्या पानांचा कल्क दिला. सात दिवसांत ९२ जण बरे झाले, आणखी २० दहा दिवसांत, आणि ८ जणांना उपयोग झाला नाही. आकडे दुर्लक्ष करण्यासारखे मुळीच नाहीत. परंतु ही पाहणी खुल्या स्वरूपाची होती, आणि आयुष-६४ च्या वेळी जे शेजारच्या गटामुळे कळले ते येथे कळावयाचे आहे. शिवाय त्या आठ जणांचा विचार करा. रुग्णालयात होते म्हणून त्यांचे रक्त रोज पाहता आले आणि वेळेवर दुसरे औषध देता आले. घरी बसून कल्क घेणाऱ्या नवव्या माणसाचे रक्त कोण पाहणार? आणि त्याला फाल्सिपेरम असेल तर? तो जंतू मेंदूवर गेला तर रुग्ण एक-दोन दिवसांत बेशुद्ध पडतो.

व्हायवॅक्सच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. पानांच्या अर्काच्या बहुतेक परीक्षा बशीतील फाल्सिपेरमवर झालेल्या असतात, कारण व्हायवॅक्स बशीत सतत वाढविता येत नाही. म्हणून 'हिवतापविरोधी गुण' या शब्दांत झोपलेल्या जंतूंचा समावेश आहे असे समजू नये. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनसारखे औषध लागते.

कोणी विचारील, आर्टेमिसियाचे पान खरे ठरले आहे, मग त्याचाच चहा करून का पिऊ नये? आपल्या देशातही लखनौच्या सीमॅप संस्थेने त्याच्या लागवडीच्या जाती तयार केल्या आहेत. पण पानापानांत द्रव्याचे प्रमाण बदलते, पाण्यात ते नीट विरघळत नाही, आणि अपुऱ्या मात्रेत जे जंतू वाचतात तेच पुढे औषधाला न जुमानणारी संतती वाढवितात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा चहाच्या वापराविरुद्ध स्पष्ट मत दिले. भीती काल्पनिक नव्हती. पश्चिम कंबोडियात २००८ च्या सुमारास आर्टेमिसिनिनला सावकाश दाद देणारे जंतू आढळले आणि पुढे रवांडा, युगांडा येथेही तसेच जंतू दिसले. म्हणून हे औषध एकट्याने न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. पुण्याच्या सीरम संस्थेत बनणाऱ्या आर-२१ या लसीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली ही समाधानाची गोष्ट आहे, पण लसीने औषधाची गरज संपत नाही. नव्या पानांचा शोध चालू ठेवणे भाग आहे, आणि आपल्या मुलांनी तो जरूर करावा.

पारिजातकाचे राहिलेले काम त्यांच्यासमोर आहे. कोणत्या ऋतूतील पाने, त्यांतील कोणते द्रव्य, निरोगी पेशींवर त्याचा काय परिणाम, आणि मग मान्य औषधाच्या जोडीने दिले असता रुग्ण लवकर सावरतो का, दोन गटांत, २८ दिवसांपर्यंत रक्त पाहून. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने यांतला एकच तुकडा घ्यावा आणि तो पुरा करावा. आकडा वाईट आला तरी तो लिहावा. १९१ व्या नमुन्याआधीचे वाईट आकडेही कोणीतरी लिहून ठेवलेच होते.

तोवर घरात काय करावे? थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्यसेवकाकडे रक्त द्यावे. तेथे तपासणी आणि गोळ्या यांना पैसे पडत नाहीत. काही काढा किंवा पाला घेतला असेल तर तो लपवू नये, डॉक्टरांना सांगावा. गर्भवती स्त्री आणि लहान मूल यांच्या बाबतीत एक रात्रही थांबू नये. व्हायवॅक्सवर दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस, बहुधा चौदा, घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देण्याची आणि पुढे घरातील दुसऱ्या कोणाला ताप आला की त्याला त्या देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती गोळी गर्भवती स्त्रियांना आणि एक वर्षाखालील मुलांना देत नाहीत, आणि रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असलेल्यांना तिच्यामुळे तांबड्या पेशी फुटून काविळीसारखा त्रास होतो. म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.